नर्मदा पाणीतंटा

नर्मदा पाणीतंटा : नर्मदेच्या पाण्यावरून मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र व राजस्थान यांच्यात झालेला वाद आणि तो मिटवण्यासाठी उभी राहिलेली आंतरराज्य व्यवस्था. अमरकंटकला उगम पावणाऱ्या १,३१२ किमी. लांबीच्या या नदीचा १,०७७ किमी. प्रवाह एकट्या मध्य प्रदेशात आहे. महाराष्ट्राला सीमेवरचा ७४ किमी.चा काठ लाभतो, तर राजस्थानातून नदी वाहतच नाही. वादाचे केंद्र गुजरातेतील नवागामचे धरण, म्हणजेच पुढचे सरदार सरोवर. पण नदीवर माणसाचा ताबा कसा बसला हे पाहायचे तर जबलपूरजवळच्या भेडाघाटला जावे. वरच्या अंगाला बरगी धरण आहे. तिथून पाणी येईल त्या मानाने धुवांधार धबधबा चढतो-उतरतो आणि पावसाळ्यात बरगीचे दरवाजे उघडले, की तो पुरात दिसेनासा होतो.

पार्श्वभूमी : १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर व विदर्भ एकाच प्रांतात होते आणि त्याची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. १९६० मध्ये गुजरात वेगळे झाले. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी नवागाम धरणाची पायाभरणी केली. गुजरातशी झालेला १९६३ चा भोपाळ करार मध्य प्रदेशाने मान्य केला नाही. मग केंद्राने नेमलेल्या खोसला समितीने धरणाला ५०० फूट उंचीची शिफारस केली. तीही वरच्या राज्यांना पटली नाही, कारण उंचीचा प्रत्येक फूट म्हणजे त्यांच्या हद्दीतली बुडणारी जमीन.

लवाद व निवाडा : १९५६ च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली ६ ऑक्टोबर १९६९ रोजी न्या. व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. कोंडी फुटली ती मात्र लवादाबाहेर. १२ जुलै १९७४ च्या समझोत्यात मध्य प्रदेश (प्रकाशचंद्र सेठी), महाराष्ट्र (वसंतराव नाईक) व राजस्थानचे मुख्यमंत्री आणि, गुजरातेत राष्ट्रपती राजवट असल्याने, तेथील राज्यपालांचे सल्लागार सहभागी होते. वापरण्याजोगे पाणी २८ दशलक्ष एकर-फूट धरावे, त्यातले महाराष्ट्राला ०·२५ व राजस्थानला ०·५० द्यावे, असे ठरले. उरलेल्याची वाटणी लवादाने केली : मध्य प्रदेश १८·२५, गुजरात ९. हा २८ चा आकडा निव्वळ मोजमापाचा नव्हता, तडजोडीचा होता. नदीत प्रत्यक्ष पाणी त्याहून कमी आहे, असे मध्य प्रदेशाने पुढे मांडले. डिसेंबर १९७९ च्या अंतिम निवाड्याने धरणाची पूर्ण जलपातळी ४५५ फूट (१३८·६८ मी.) निश्चित केली. विजेचे वाटे मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७ व गुजरात १६ टक्के असे पडले. पाणीवाटपाच्या फेरविचाराला ४५ वर्षांची मुदत होती. अंमलबजावणीसाठी १९८० मध्ये नर्मदा नियंत्रण प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे मुख्यालय इंदूरला आहे.

निवाड्यातील सर्वांत मोलाचा भाग पाण्याचा नाही, पुनर्वसनाचा आहे. सरदार सरोवरात पाव हिश्शाहून अधिक जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर ओलिताची जमीन आणि सज्ञान मुलगा असल्यास तो स्वतंत्र कुटुंब, हे त्यात लेखी आले. एका राज्याच्या धरणाने दुसऱ्या राज्याची गावे बुडणार होती, म्हणून हे लिहून घेतले गेले. महाराष्ट्रातील बाधित ३३ गावे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली. त्यांपैकी मणिबेलीच्या आदिवासींनी हाच शब्द पाळण्याची मागणी वर्षानुवर्षे केली.

बरगी : अधिकृत नाव राणी अवंतीबाई लोधी सागर. लांबी सुमारे ५·४ किमी., वीजनिर्मिती ९० मेगावॉट. जलाशय १९९० मध्ये भरला. मंडला, सिवनी व जबलपूर जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. धरण आणि बुडीत क्षेत्र दोन्ही एकाच राज्यात असल्याने निवाड्याचे जमिनीला जमीन हे कलम येथे लागू नव्हते. विस्थापितांच्या हाती रोख भरपाई आली आणि ती पुरली नाही. राज्यांनी एकमेकांपासून जे संरक्षण मागून घेतले, ते याच खोऱ्यातल्या या लोकांसाठी मागणारे कोणी नव्हते. नर्मदेच्या इतिहासातली ही सर्वांत दुखरी जागा आहे. पुढे विस्थापितांनी संघटना बांधली आणि सहकारी संस्थांमार्फत जलाशयातील मासेमारीचा हक्क मिळवला.

तुलनीय उदाहरण : हंगेरीत डॅन्यूबच्या वळणावर व्हिशेग्राड आणि समोरच्या काठावर नॉजमारोश आहे. १९७७ च्या करारानुसार हंगेरी व चेकोस्लोव्हाकिया मिळून एक धरण येथे व दुसरे वरच्या अंगाला चेकोस्लोव्हाकियात, अशी जोडधरणे बांधणार होते. जीवशास्त्रज्ञ यानोश वर्गा यांच्या ‘डॅन्यूब मंडळा’ने साम्यवादी राजवटीतच विरोध उभा केला आणि १९८९ मध्ये हंगेरीने नॉजमारोशचे काम सोडून दिले. त्याच व्हिशेग्राडला १५ फेब्रुवारी १९९१ रोजी हंगेरीचे अंताल, पोलंडचे वालेसा व चेकोस्लोव्हाकियाचे हावेल यांनी सहकार्याचा जाहीरनामा केला. तरी १९९२ च्या ऑक्टोबरात वरच्या शेजाऱ्याने डॅन्यूबचे पाणी वळवलेच. तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९९७ च्या निकालाने दोन्ही बाजूंना दोष देऊन त्यांना पुन्हा वाटाघाटींना बसवले. पर्यायी नोबेल म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार डॅन्यूब मंडळाला १९८५ मध्ये, मेधा पाटकर व बाबा आमटे यांच्यासह सरदार सरोवराला विरोध करणाऱ्या नर्मदा बचाओ आंदोलनाला १९९१ मध्ये मिळाला. डॅन्यूबवर राजवट बदलली आणि एक धरण थांबले. नर्मदेवर सरदार सरोवराला कर्ज देणारी जागतिक बँक १९९३ मध्ये बाहेर पडली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये बांधकामाला वाट दिली. सरदार सरोवर १५ सप्टेंबर २०१९ रोजी प्रथमच पूर्ण भरले.

कालवा : सरदार सरोवराचा मुख्य कालवा राजस्थान सीमेपर्यंत ४५८ किमी.

वारसा : भेडाघाट–लम्हेटाघाट परिसर २०२१ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे. त्या नोंदीने बरगीतून पाणी सोडण्यावर कोणतेही बंधन येत नाही.