अडीच शेराचे आणे

शिष्यवृत्तीच्या जादा तासांत आज मुलांकडून गणिताची जी तयारी करून घेतली जाते, तिचे मूळ शोधू लागल्यास सरकारी परीक्षेच्या पुष्कळ मागे, पंतोजींच्या शाळेपर्यंत जावे लागते. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत भरणाऱ्या त्या शाळेला ना स्वतःची इमारत होती, ना छापील पुस्तक. धूळपाटीवर अंक गिरवावयाचे आणि बाकीचे सारे मुखोद्गत करावयाचे, हा तेथील शिरस्ता होता. पूर्णांकांचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी अपूर्णांकांची पलटण उभी राही, आणि शाळेत जे कच्चे राहिले असेल ते दिवेलागणीला घरी, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली, परवचा म्हणताना पक्के होई. सात सव्वा पावणेनऊ, नऊ अडीच साडेबावीस, सात औट साडेचोवीस, हे ज्या मुलास अडखळत म्हणावे लागे त्याची छडीशी गाठ ठरलेली असे.

या घोकंपट्टीची टवाळी पुष्कळांनी केली आहे, आणि छडीपुरती ती रास्तही आहे. परंतु ज्या व्यवहारात रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर आणि शेराच्या सोळा छटाका होतात, त्या व्यवहारात पाव, अर्धा आणि पाऊण यांवाचून पाऊलही टाकता येत नव्हते, हे टवाळखोरांच्या सहसा ध्यानी येत नाही. मणाचा भाव जितके रुपये, तितकेच आणे अडीच शेरांस, हा बाजारातला एक जुना ठोकताळा. अडीच शेर हा मणाचा सोळावा हिस्सा आणि आणा हा रुपयाचा सोळावा हिस्सा, एवढ्या एकाच योगावर तो उभा आहे. गूळ बारा रुपये मण असेल तर अडीच शेरांस बारा आणे, पाच शेरांस दीड रुपया, साडेसात शेरांस सव्वादोन; गिऱ्हाईक पिशवी उघडते न उघडते तोच दुकानदाराच्या तोंडून रक्कम बाहेर पडे. ज्याला अडीचकी येत नव्हती, त्याला दफ्तरात कारकुनी मिळणे कठीण आणि गादीवर बसणे त्याहून कठीण.

याच भूमीत गणिताची दुसरीही एक धारा होती आणि ती अधिक प्राचीन होती. भास्कराचार्यांनी 1150 साली पूर्ण केलेल्या सिद्धान्तशिरोमणीतील लीलावती या भागात भुंगे, हंस, मोर आणि साप यांची जी रम्य उदाहरणे आहेत, त्यांना बाजारभावाशी कर्तव्य नाही. बुद्धीला कोडे पडावे आणि ते सुटल्याचा आनंद व्हावा, हेच त्यांचे प्रयोजन. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, शके 1128 मधील दानाचा उल्लेख करणारा शिलालेख, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे सांगतो, आणि त्यातील काही मजकूर चक्क मराठीत आहे. मात्र मठातले गणित मठात राहिले आणि ओवरीतले ओवरीत. त्रैराशिकासारख्या काही रीती तेवढ्या दोहोंकडे होत्या. पण शास्त्री आणि पंतोजी एकमेकांच्या वाटेला फारसे गेले नाहीत.

इंग्रजी अमलात छापील अंकगणित आले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली, पुढे केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या गणितज्ञानेही शालेय अंकगणित लिहिण्यात कमीपणा मानला नाही, आणि पाढ्यांच्या जोडीला व्यवहारी अपूर्णांक, सरळव्याज, काळ-काम-वेग व हौदाच्या तोट्या दाखल झाल्या. मराठी सातवीच्या अखेरीस होणारी व्हर्नाक्युलर फायनल ही त्या काळातील खरी कसोटी. तीत उतरणारा मुलगा प्राथमिक शिक्षक किंवा तलाठी होऊ शके. त्यामुळे तिची तयारी करून घेणारा गुरुजी गावात मामलेदाराच्या खालोखाल मान मिळवी, असे म्हटले तर थोडीच अतिशयोक्ती होईल.

स्पर्धा या अर्थाने मुलांची आजची परीक्षा मात्र स्वातंत्र्यानंतरची. 1954-55 पासून सुरू झालेली शिष्यवृत्ती परीक्षा प्रथम चौथी व सातवीच्या मुलांसाठी होती. सातवी फायनलमध्ये उत्तीर्ण होणे पुरेसे असे. येथे गुणवत्ता यादीत दुसऱ्याच्या वर यावे लागे. शिष्यवृत्तीची रक्कम फारशी नव्हती, पण शाळेच्या फलकावर रंगाने लिहिले जाणारे नाव त्या रकमेपेक्षा कितीतरी मोलाचे होते, आणि त्या नावासाठी खेड्यापाड्यांतील असंख्य गुरुजींनी शाळेपूर्वी व शाळेनंतर, प्रसंगी रात्री मुलांना शाळेतच मुक्कामाला ठेवून, कंदिलाच्या उजेडात जे जादा तास घेतले त्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. त्यांचा मेहनताना कोणी दिला नाही, कोणी मागितलाही नाही.

परीक्षा रुजते आहे तोच 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि आणा व शेर यांच्यासह पावकी-दिडकीचे सारे प्रयोजनच संपुष्टात आले. आण्याचे सव्वासहा नये पैसे होत असल्यामुळे दुकानदारांची काही काळ जी तारांबळ उडाली ती अल्पकालीन होती. खरा आघात परवचेवर झाला. निरुपयोगी झालेले पाठांतर चटकन मरते. मात्र पाठांतराची सवय मेली नाही, ती जादा तासांत येऊन बसली, आणि माझ्या मते या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट हीच आहे.

उदाहरणार्थ, 1 ते 100 पर्यंतच्या संख्या लिहिताना 9 हा अंक किती वेळा लिहावा लागेल, हा प्रश्न घ्या. जन्माने तो लीलावतीच्या कुळातला आहे. एककस्थानी 9 दहा वेळा येतो, दशकस्थानी दहा वेळा, 99 मध्ये दोन्हीकडे, मिळून वीस. दहा-बारा वर्षांच्या मुलाने हे आपल्या बोटांनी शोधून काढले तर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पाहण्यासारखे असते. परंतु परीक्षेत असे प्रश्न पुनःपुन्हा येऊ लागताच मार्गदर्शक पुस्तकांनी त्यांची तयार चौकट छापली: शून्य अकरा वेळा, एक एकवीस वेळा, दोन ते नऊ प्रत्येकी वीस वेळा, मूळसंख्या पंचवीस. मुले ती घोकू लागली. कोड्याची पावकी झाली! पंतोजींच्या पावकीला निदान बाजाराचा आधार होता. या नव्या पावकीला परीक्षेखेरीज कोणताच आधार नाही.

दोष सर्वस्वी गुरुजींचा नाही. आजच्या प्रश्नपत्रिकेत गणिताचे 50 आणि भाषेचे 25 प्रश्न दीड तासात सोडवावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नास सरासरी 72 सेकंद मिळतात; तेवढ्यात शोधाचा आनंद घेणाऱ्या मुलाचे पुढचे दोन प्रश्न बुडतात. तरीही वर्गात वेगळी वाट चोखाळता येते. देवळालीच्या शाळेत 1930 पासून 1962 पर्यंत शिक्षकी केलेल्या द. रा. कापरेकरांनी 6174 या संख्येचा जो शोध 1949 साली मांडला, त्याला वजाबाकीपलीकडचे काही लागत नाही. 3524 हे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, 3087 येतात. तीच क्रिया पुन्हा करता 8352, आणि आणखी एकदा करता 6174. मग तेथून सुटका नाही. पदवीधर गणितज्ञांपैकी अनेकांनी ही करमणूक म्हणून बाजूला सारली. पण चौथीच्या मुलाला चार अंकी वजाबाकीचा इतका कसून सराव आनंदाने करविणारे दुसरे उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही.

2017 साली ही परीक्षा पाचवी व आठवीकडे नेण्यात आली, आणि आठवीच्या प्रश्नपत्रिकेत एक तरतूद करण्यात आली, जिच्याकडे पालकांचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही: कमाल 20 टक्के प्रश्नांच्या चार पर्यायांपैकी दोन पर्याय बरोबर असू शकतात, आणि दोन्ही नोंदविल्याखेरीज गुण मिळत नाहीत. पहिले बरोबर उत्तर दिसताच थांबणारा मुलगा, त्याचे पाठांतर कितीही चोख असले तरी, या प्रश्नांत नापास होतो.