चंद्रावर जाऊन आलेला कागद

१/
ऑक्टोबर १९६९. चंद्रावर पाऊल ठेवून तीन महिने झाले होते आणि आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन व कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईत येऊन दाखल झाले होते. त्यांना पाहायला अफाट गर्दी लोटली. मात्र त्यांच्या यानातून आणखीही एक वस्तू चंद्रापर्यंत जाऊन आली होती: भारताचा छोटासा तिरंगा.

२/
अपोलो ११ मधून अनेक देशांचे ४ बाय ६ इंचांचे ध्वज नेले होते. पुढे अमेरिकेने असे ध्वज चंद्रावरील मातीच्या कणांसह १३५ देशांना भेट दिले. भारताला मिळालेला तिरंगा आणि दुकानातला तिरंगा यांत नजरेला फरक दिसत नाही. हा ध्वज चंद्रावर जाऊन आला, हे सांगते ती त्याखालची धातूची पट्टी. अंतराळातून परतलेल्या वस्तूंच्या संग्रहाचा सारा इतिहास या एकाच प्रश्नाभोवती फिरतो: प्रवासाचा पुरावा काय?

३/
आरंभ हौसेने झाला. जुलै १९६१ मध्ये अंतराळवीर गस ग्रिसम यांनी मित्रांच्या मुलांसाठी दहा सेंटच्या शंभर नाण्यांच्या दोन गुंडाळ्या आणि एक डॉलरच्या तीन नोटा सोबत नेल्या. यान समुद्रात उतरल्यावर दार अवचित उडाले, पाणी आत शिरले. ग्रिसम कसेबसे वाचले. पोहताना खिशातले हेच ओझे त्यांना जाचले. यान बुडाले. १९९९ मध्ये ते तळातून वर काढले, तेव्हा आत दहा सेंटची नाणी सापडली.

४/
अपोलो ११ च्या वीरांनी उड्डाणापूर्वी शेकडो लिफाफ्यांवर सह्या करून ठेवल्या. आपण परतलो नाही, तर ते विकून कुटुंबांचा निर्वाह व्हावा, हा हेतू. हे लिफाफे पृथ्वीवरच राहिले. तरीही संग्राहक ते जपतात, कारण त्यांमागची कहाणी खरी आहे.

५/
हौसेचा व्यवहार झाला तो जुलै १९७१ मध्ये. अपोलो १५ मधून स्कॉट, वर्डेन व आयर्विन यांनी सुमारे चारशे लिफाफे विनापरवाना चंद्रावर नेले. त्यांपैकी शंभर जर्मनीतील एका तिकीटविक्रेत्याकडे पोहोचले. त्याने ते प्रत्येकी ४,८५० मार्कांना विकले. प्रत्येक लिफाफ्यावर उड्डाणाच्या व परतीच्या दिवसाचे शिक्के होते आणि तो चंद्रावर जाऊन आल्याचा टंकलिखित दाखलाही होता. किंमत होती ती या दाखल्याची.

६/
१९७२ मध्ये प्रकरण उघड झाले. तिघांवर ठपका ठेवला गेला, उरलेले लिफाफे जप्त झाले आणि तिघांपैकी कोणीही पुन्हा अंतराळात गेले नाही. चंद्रावर पोहोचण्याइतकी कीर्ती काही लिफाफ्यांपायी डागाळली.

७/
नियतीचा खेळ पाहा. १९८३ मध्ये खुद्द नासाने अमेरिकी टपाल खात्याशी हातमिळवणी करून चॅलेंजर यानातून सुमारे २ लाख ६० हजार लिफाफे नेले आणि विक्रीस काढले. त्याच वर्षी वर्डेन यांनी केलेल्या दाव्यामुळे सरकारला जप्त लिफाफेही परत करावे लागले. तोच व्यवहार, फक्त आता त्यावर सरकारी मोहोर होती.

८/
३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून निघाले, तेव्हा भारतीय टपाल खात्यानेही या मोहिमेचे तिकीट काढले. पण अवकाशाचे चित्र असलेला लिफाफा अवकाशात गेलेला असतोच असे नाही. नव्या संग्राहकाची गफलत इथेच होते.

९/
नोटेला मात्र एक सोय असते. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. तिथली असो वा परदेशातली, नोटेवर तिचा क्रमांक असतो. उड्डाणापूर्वी तो नोंदवून ठेवला, तर ती नोट पुढे ओळखता येते. नोंद नसेल, तर चंद्रावर जाऊन आलेली नोटही केवळ एक जुनी नोट ठरते. वस्तू प्रवास करते. इतिहास टिकतो तो नोंदीमुळे.