नोंदवहीत नाव कोणाचे? सुईण, नर्स आणि डहाणू-तलासरीच्या मुली



तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर मागच्या जूनमध्ये मी नर्सिंग प्रवेशाची कागदपत्रे तपासायला बसले होते. बारावी कला शाखेतून पास झालेली एक वारली मुलगी, तिची आई आणि कोपऱ्यात बसलेली आजी. मुलीने विचारले, "ताई, लायसन्सची परीक्षा कधी असते?" तिने मोबाईलवर परदेशी जाणाऱ्या नर्सेसचे व्हिडिओ पाहिले होते. आपल्याकडे अशी वेगळी परीक्षा नसते, हे मी तिला सांगितले. मान्यताप्राप्त संस्थेतून जीएनएमची तीन वर्षे पूर्ण करायची, मंडळाची परीक्षा पास व्हायची आणि मग मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव घालायचे. ती नोंदणी हेच लायसन्स. तिचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते.

आजी ऐकत होती. ती त्या पाड्याची सुईण. निम्मा पाडा तिच्या हातावर जन्मला आहे. तिने विचारले, "तीन वर्षं शिकवतात तरी काय?" सगळे हसले. मीही हसले, पण परतीच्या जीपमध्ये तो प्रश्न डोक्यातून जाईना. तो उलटा करून विचारला तर असा होतो: या बाईचे नाव कोणत्याच नोंदवहीत का नाही? याचे उत्तर इतिहासात आहे आणि तो इतिहास आपल्या चळवळीने अजून नीट मांडलेला नाही.

महाराष्ट्रातल्या गावगाड्यात सुईणपण बहुतेक ठिकाणी अस्पृश्य बायकांकडे, विशेषतः मांग बायकांकडे होते. नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताने भिजलेले कपडे उचलायचे, म्हणजे सवर्ण घर ज्याला विटाळ म्हणते ते सगळे करायचे. बाळंतपणाच्या त्या काही तासांपुरता तिचा स्पर्श चालायचा, नंतर ती पुन्हा उंबऱ्याबाहेर. आणि हीच बाई स्वतः बाळंत व्हायची तेव्हा? १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे 'ज्ञानोदय'मध्ये याच प्रश्नावर लिहून गेली आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसते आणि आजार झाला तर वैद्याला द्यायला पैसा नसतो, असे तिचे म्हणणे. तिच्या निबंधातला धर्मावरचा सवाल आपण भाषणांत वारंवार सांगतो. बाळंतपणाचा मुद्दा मात्र गाळतो. का गाळतो, याचा ज्याने त्याने विचार करावा.

पुढचा दाखला बाबासाहेबांचा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी काठियावाडातली एक घटना नोंदवली आहे. अस्पृश्य शाळेतल्या एका शिक्षकाने लिहिलेले पत्र डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापले गेले होते, तिथून ती घेतली आहे. शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टरने वस्तीत यायला नकार दिला. मिनतवाऱ्या झाल्या, फी ठरली, तेव्हा बाईला वस्तीबाहेर आणायला लावून तो आला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच क्रमाने ते परत गेले. निदान न्यूमोनिया. पुढे प्रकृती बिघडली तेव्हा डॉक्टर आलाच नाही आणि बाई गेली. शिक्षण होते, पदवी होती, औषध होते. फक्त हात लावायला माणूस नव्हता. नर्सिंग म्हणजे मुळात हात लावणे. म्हणून हा व्यवसाय जातीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

आता नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकातला इतिहास पाहा, परीक्षेला येतो तो. १८७१ साली मद्रासच्या सरकारी रुग्णालयात पहिले प्रशिक्षण, १८८६ साली मुंबईच्या जे. जे. मध्ये, १८९१ साली बाई काशीबाई गणपत ही प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय नर्स. पाठ करायला सोपे. त्यात १८९७ नाही. पुण्यात प्लेगची साथ होती. सावित्रीमाई मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणत होत्या आणि त्याच आजाराने १० मार्चला गेल्या. आपल्या मुली अभ्यासाला बसतात तेव्हा हे साल मी त्यांच्या वहीत माझ्या हाताने लिहिते. परीक्षेत विचारणार नाहीत, तरी लिहिते.

सुरुवातीच्या भारतीय नर्सेस मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती होत्या आणि त्यांतल्या कितीतरी धर्मांतरित अस्पृश्य घरांतल्या. मिशन दवाखान्यांनी त्यांना आत घेतले, कारण सवर्ण घरे आपल्या मुली या कामाला पाठवत नव्हती. आपल्या डहाणूतही अमेरिकेच्या चर्च ऑफ द ब्रदरन या मिशनचा दवाखाना होता आणि डॉ. बार्बरा निकी यांनी तिथे अनेक वर्षे काम केले. दुसरीकडे पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांचे सेवासदन उभे राहिले. त्याने उच्चवर्णीय विधवांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवले. या बायकांनी घरच्यांचा रोष पत्करला, त्यांचे धाडस मी नाकारत नाही. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. मांगिणीने नाळ कापली तर तो विटाळ होता. तेच काम प्रशिक्षित सवर्ण बाईने केले तेव्हा त्याला 'सेवा' हा शब्द मिळाला. काम तेच, फक्त करणारी बदलली. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. ते समजायला प्रसूतिगृहाइतकी चांगली जागा नाही. आजही कोणत्याही मोठ्या रुग्णालयात मेट्रन, स्टाफ नर्स, आयाबाई आणि सफाई कामगार यांची आडनावे शेजारी शेजारी लिहून बघा.

मग आली नोंदवही. मद्रासमध्ये १९२६ साली कायदा झाला, मुंबई प्रांतात १९३५ साली. नर्स, प्रसाविका आणि आरोग्य अभ्यागत यांची नोंदणी सुरू झाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली, १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र परिचारिका कायदा. कायदा वाईट होता असे मी म्हणत नाही. अशिक्षित हातांनी, गंजलेल्या पात्याने आया-बाळे दगावत होती, हे खरेच आहे. बाबासाहेब स्वतः पात्रतेचे कडवे आग्रही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाळंतिणीची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, असे ते बोलले होते. प्रश्न एवढाच की पिढ्यान्‌पिढ्या हे काम करणाऱ्या बायकांच्या लेकींना त्या नोंदवहीपर्यंत नेणारी शाळा कुठे होती?

डहाणू-तलासरीत तर नव्हतीच. इथे १९४५ साली झरीला वारल्यांची सभा भरेपर्यंत माणसे वेठीला राबत होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जोडपीच्या जोडपी लग्नगडी म्हणून सावकार-जमीनदाराच्या घरी बांधलेली होती. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये ते लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड शहीद झाला. तेव्हा इथल्या मुलीने मॅट्रिक होऊन इंग्रजीत नर्सिंग शिकावे, ही कल्पनाही करता आली नसती. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक नर्स होती. डोंगरपट्ट्याच्या वाट्याला त्यातली किती आली असेल, ते सांगायची गरज नाही.

दार उघडले ते दोन गोष्टींनी. पहिली शिष्यवृत्ती. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. ही समिती अस्पृश्य आणि आदिवासी अशा दोघांसाठी होती आणि १९३० च्या अहवालात तिने दोघांसाठी वसतिगृहे, शिष्यवृत्त्या मागितल्या. आपला आणि आदिवासींचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांनी हे साल लक्षात ठेवावे. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर ती जमातींनाही लागू झाली. महाडीबीटीवर आज आपल्या मुली जो अर्ज भरतात, त्याचे मूळ हे आहे.

दुसरी गोष्ट एएनएम. पन्नाशीच्या दशकात हा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा सातवी पास मुलगी चालत होती. १९७३ च्या करतारसिंग समितीनंतर एएनएम ही उपकेंद्राची बहुउद्देशीय आरोग्यसेविका झाली, पात्रता दहावीवर गेली आणि आता बारावी आहे. आदिवासी भागात ३ हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष, म्हणजे प्रत्येक उपकेंद्रावर एक स्थानिक शिकलेली बाई. माझे मत स्पष्ट आहे: पात्रता वाढवणे चूक नाही. पण पात्रता वाढवायची आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणारी पोर बारावीपर्यंत टिकेल याची सोय करायची नाही, हा दार बंद करण्याचाच सभ्य प्रकार आहे.

ज्या आत पोचतात त्यांचे पुढे काय होते? जीएनएमला बारावी कोणत्याही शाखेची, इंग्रजीसह ४० टक्के, एवढे लागते. पण वर्गात पहिल्या आठवड्यापासून शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, सगळे इंग्रजीत. घरी वारली, शाळेत मराठी आणि आता ही तिसरी भाषा. लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे ५० टक्के हवेत. मुली प्रात्यक्षिकात चमकतात, कारण माणसाला हात लावायची त्यांना भीती नाही. पडतात त्या लेखीत. आमच्या विहारात रविवारी अभ्यासवर्ग चालतो. तिथे अनुभवाने कळलेली गोष्ट अशी की ज्ञान कमी नसते, वाक्य कमी पडते. म्हणून जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या, प्रत्येक उत्तर आधी मराठीत तोंडी सांगायचे, मग इंग्रजीत पाच छोट्या वाक्यांत लिहायचे, आकृती काढून नावे द्यायची. पहिले सहा महिने रोज असे केले की दुसऱ्या वर्षी हात सुटतो. समाजशास्त्राचा भाग मी शिकवते, माझा विषय म्हणून. पुस्तकात जात एका परिच्छेदात उरकलेली असते. आमच्या वर्गात ती दोन रविवार चालते.

कागदांचे दुखणे वेगळेच. जात पडताळणी अकरावीतच सुरू करा, प्रवेशाच्या वेळी नव्हे. संस्थेला परिषदेची चालू वर्षाची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत बघा, संस्थेच्या फलकावर नाही. मान्यता नसेल तर तीन वर्षांनंतर नोंदणी मिळणार नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे मूळ दाखले एका खाजगी संस्थेने शिष्यवृत्ती जमा झाली नाही म्हणून अडकवून ठेवले. पास होऊनही तिची नोंदणी आठ महिने रखडली. त्या काळात ती उंबरगावला एका कारखान्यात पॅकिंग करत होती.

आणि नोंदणीनंतरची नोकरी? डहाणू आणि तलासरी पाचव्या अनुसूचीतले तालुके. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने आरोग्यसेविकेसह काही पदे इथल्या स्थानिक आदिवासींसाठी राखली. मग २०२० मध्ये आंध्रच्या शिक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के आरक्षण रद्द केले आणि आपल्याकडची पेसा भरतीही न्यायालयात अडकली. मुली परीक्षा पास, निवड यादीत नाव, पण हातात आदेश नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या, तेव्हा कुठे मानधनावर तात्पुरत्या नेमणुकांचा मार्ग निघाला. मानधन! गुणवत्ता सिद्ध केलेल्या नर्सला पगार नाही, मानधन. सुईणीला बाळंतपणानंतर पसाभर तांदूळ आणि लुगडे मिळायचे, त्याचीच ही सरकारी आवृत्ती.

आपल्याच कार्यकर्त्यांशीही माझे भांडण आहे. वस्तीतला मुलगा सात वर्षे एमपीएससीची तयारी करतो, त्याला आपण अभ्यासिका देतो, पुस्तके देतो, जयंतीच्या वर्गणीतून मदत करतो. ते करायलाच हवे. पण जीएनएमच्या मुलीला तीन वर्षांत एकदाही कोणी विचारत नाही. तिचा सत्कार होत नाही. 'नर्सच ना' असे म्हटले जाते. हा 'च' आपल्याकडे कुठून आला? विटाळाच्या कामाची लाज आपणही मनुवाद्यांकडूनच उसनी घेतली आहे. वकील, प्राध्यापक, अधिकारी आपण मोजले. साठ-सत्तरच्या दशकात आपल्या ज्या पहिल्या बायका पांढरा गणवेश घालून सरकारी दवाखान्यात उभ्या राहिल्या, त्यांची यादी कोणत्या तालुक्यात आहे? त्यातल्या काही आज ऐंशीच्या पुढे आहेत. जो कार्यकर्ता हे वाचतो आहे त्याने आपल्या तालुक्यातल्या एकीला तरी भेटून तिचे बोलणे लिहून घ्यावे. कोणत्या वसतिगृहात राहिली, पाणी वेगळे ठेवले होते का, पहिला पगार किती होता, हे सगळे. आणखी दहा वर्षांनी विचारायला कोणी नसेल.

त्या पाड्यावरच्या मुलीला शेवटी प्रवेश मिळाला. सोमवारी पहाटे ती जीपने डहाणू रोडला येते आणि लोकल पकडते. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत सूक्ष्मजीवशास्त्रात ती राहिली, बाकी सगळ्या विषयांत पास. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला आहे. या रविवारी आम्ही निर्जंतुकीकरणाचा धडा घेणार आहोत. आजीने निरोप पाठवलाय की तीही येणार आहे, ब्लेड उकळत्या पाण्यात किती वेळ ठेवायचे ते तिला ऐकायचे आहे.