एक आण्याचा रस्ता

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. पण घरापर्यंत, शेतापर्यंत किंवा स्मशानापर्यंतची वाट ज्यांची कधी ना कधी कुणी अडवलीय, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

परवा आपल्या पोशीरच्या पुढं एका वाडीवर जाणं झालं. वाडीतून खाली डांबरी रस्त्याला येणारी पायवाट तारेच्या कंपाउंडनं बंद केलीय. एक आजी म्हणाल्या, "भाऊ, लग्न होऊन आले ती याच वाटेनं. आता गेटवरचा वॉचमन विचारतो, कुठं चाललीस?" जागेच्या मालकाशी बोललो. तो म्हणाला, "मी रीतसर पैसे मोजून जागा घेतलीय. सातबाऱ्यावर रस्ता दाखवा, आत्ता तार काढतो." माणूस वाईट नाही. त्याला जागा विकताना कुणी गाव नकाशा दाखवलाच नव्हता.

घरी आल्यावर डोक्यात एकच प्रश्न. रस्ता 'सरकारी' होतो म्हणजे काय होतं? तो कोण करतं आणि कुणाच्या पैशानं? जुनी गॅझेटियर आणि कायदे काढून बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडतोय.

सुरुवात बोरघाटापासून. अठराव्या शतकाच्या शेवटी मुंबई आणि साष्टी इंग्रजांकडं होती, आणि खाडी ओलांडली की मुलूख पेशव्यांचा. म्हणजे आपला कर्जत-खालापूरचा पट्टा दोन सत्तांच्या मधला. खोपोलीचं तळं आणि महादेवाचं देऊळ नाना फडणविसांनी बांधलं. घाट चढायच्या आधी माणसाला आणि जनावराला पाणी लागायचंच. १७७८ च्या अखेरीस इंग्रजांची फौज याच घाटानं वर चढली आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला नाक घासून तह करून परतली. शेजारी असा असेल तर रुंद रस्ता कुणाला हवा होता? अवघड घाट हीच पुण्याची तटबंदी. माल जायचा तो बैलांच्या पाठीवर.

१८१८ ला पेशवाई गेली आणि मधली सीमा पुसली. मग मात्र मुंबई-पुणे जोडायची घाई झाली. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात कॅप्टन ह्यूज यांनी १९ जानेवारी १८३० ला घाटाचं काम सुरू केलं आणि १० नोव्हेंबर १८३० ला रस्ता खुला झाला. एका वर्षाच्या आत! बैलाच्या पाठीवरचं ओझं गाडीच्या चाकांवर आलं. घाटात टोलही आला. पुढं १८७५ मध्ये मुंबई सरकारनं सार्वजनिक रस्ते आणि पुलांवरच्या टोलसाठी वेगळा कायदाच केला. खालापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभं राहताना आठवा, ही गोष्ट आपल्याकडं बरीच जुनी आहे.

पण एक लक्षात घ्या. १८३० चा रस्ता हा गव्हर्नरच्या हुकमाचा रस्ता होता. दोन मोठी शहरं, फौज आणि व्यापार यांच्यासाठी केलेला. वाटेतल्या गावांना तो मिळाला, कारण ती वाटेत होती. पोशीर, कळंब, खांडस, नेरळ यांना जोडणाऱ्या वाटा त्या हिशेबात नव्हत्या. १८५६ ला रेल्वे खोपोलीपर्यंत आली, १८६३ ला घाट चढली. स्टेशनं झाली, पण भात, लाकूड, गवत स्टेशनपर्यंत आणायचं कसं?

इथं खरी गोष्ट सुरू होते, आणि ती कायद्याची आहे.

१८६१ च्या कायद्यानं मुंबई प्रांताला स्वतःचं कायदे कौन्सिल मिळालं. त्या कौन्सिलच्या सुरुवातीच्या वर्षांतलाच एक कायदा म्हणजे १८६९ चा लोकल फंड कायदा. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागं एक आणा जादा घ्यायचा. रुपयाचे आणे सोळा, म्हणजे साऱ्यावर सोळावा हिस्सा. ही पट्टी १८६३ च्या सुमारास सुरू झाली होतीच, कायद्यानं तिला पक्कं केलं. त्या आण्याची वाटणीही ठरलेली. दोन हिस्से रस्ते, पाणी, धर्मशाळा अशा कामांना आणि एक हिस्सा शाळांना.

तिकडं इंग्लंडात १५५५ च्या कायद्यानं गावकऱ्यांना वर्षातले ठरावीक दिवस रस्त्यावर फुकट राबावं लागायचं, ती सक्ती १८३५ ला संपली. आपल्याकडं कायद्यानं वेठ नाही मागितली, रोख आणा मागितला. आणि तो दिला कुणी? साऱ्याबरोबर खातेदारानं. जिथं खातेदार सावकार होता तिथं त्यानं तो कुळाच्या भातातूनच वसूल केला असणार, हे सांगायला पुरावा नको.

सुरुवातीला या पैशावर आपल्या माणसांचा ताबा नव्हता. फंडाच्या कमिटीत अध्यक्ष कलेक्टर. १८८२ ला जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढच्या निवेदनात शिक्षणाबद्दल हाच मुद्दा मांडला होता. महसूल रयतेच्या घामाचा, पण तिच्या पदरात पडतं फार थोडं. रस्त्यांबद्दलही हेच विचारता आलं असतं. १८८४ च्या कायद्यानं तालुका आणि जिल्हा लोकल बोर्डं आली आणि थोडे का होईना निवडून आलेले सभासद बसू लागले. १८९१ ला आपला कर्जत तालुका ठाण्यातून कुलाबा जिल्ह्यात आला. पुढं १९६२ ला जिल्हा परिषदा झाल्या. आज आपण ज्याला 'झेडपीचा रस्ता' म्हणतो, त्याचं मूळ असं त्या एका आण्यापाशी जातं.

आता पायवाटेकडं येऊ. १८७९ च्या जमीन महसूल कायद्यानं साफ सांगितलं, जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, वाटा कुणाच्या खासगी मालकीच्या नाहीत त्या सरकारच्या. आजच्या १९६६ च्या महसूल संहितेत कलम २० मध्ये तेच आहे. आणि या वाटा गाव नकाशावर आखलेल्या आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता अखंड दुहेरी रेषेनं. गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेनं, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. पायमार्ग तुटक एकेरी रेषेनं, रुंदी सव्वाआठ फूट. हो, सव्वाआठ फूट! आपण पायवाट म्हणजे दीड फुटाची पाऊलवाट समजून सोडून देतो.

गंमत अशी की गाडीरस्त्याचं क्षेत्र सर्व्हे नंबरातच, पोटखराब्यात धरलेलं असतं. पायवाटेचं नाव सातबाऱ्यावर असेलच असं नाही. म्हणून "सातबाऱ्यावर दाखवा" हे उत्तर अर्धवट आहे. सातबारा मालकी सांगतो. वाट नकाशा सांगतो.

आम्ही त्या वाडीचा नकाशा काढला. तुटक एकेरी रेषा, वाडीपासून सरळ खाली, आज जिथं गेट आहे तिथूनच जाते. मालकालाही प्रत दिली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वकिलाला विचारतो." विचारू दे. वाडीतल्या लोकांनी तहसीलदारांकडं अर्ज दिलाय.

तुमच्याकडं असं काही असेल तर तीन गोष्टी करा. एक, भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची प्रत काढा आणि ग्रामसभेत सगळ्यांसमोर उघडा. दोन, चालू वाट अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. "बघू पुढं" म्हणत बसलात की मुदत गेली. तीन, शेताला वाटच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देऊ शकतात.

आणि जे आपल्या भागात जागा घेतायत, फार्महाऊस बांधतायत, त्यांच्याशी भांडण नाही. फक्त सातबाऱ्याबरोबर नकाशाही बघून घ्या. नंतरचा मनस्ताप दोघांचाही वाचेल.

माल्कम साहेबाचं नाव इतिहासात आहे. खांडस, कळंब, पोशीरच्या ज्या शेतकऱ्यांनी आणि कुळांनी तो आणा भरला, त्यांचं नाव कुठल्याच दगडावर नाही. त्यांची नोंद म्हणजे नकाशावरच्या त्या तुटक रेषा. त्या तरी पुसू देऊ नका.

तुमच्या गावातली अशी बंद झालेली वाट कुठली, गावाचं नाव टाकून कमेंटमध्ये लिहा. यादी करतोय.