हेरिटेज कमिटी आणि आपल्या वास्तू

फोर्टमधील डॉ. दादाभाई नौरोजी रस्त्यावरून आपल्यापैकी पुष्कळजण गेले असतील. सिद्धार्थ कॉलेजचे आनंद भवन याच रस्त्यावर आहे. ऊन असो की पाऊस, माणूस इमारतींच्या कमानींखालून निवांत चालत जातो. ही सावली आपोआप आलेली नाही. 1860 च्या दशकात जुन्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली, रस्ता रुंद झाला आणि 1896 साली तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानी ठेवण्याचा नियम झाला. पुढे दुकानांच्या पाट्यांनी त्याच कमानी झाकून टाकल्या. मग पाट्यांचे नियम ठरले, दुकानदारांनी साथ दिली आणि 2004 साली या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

अशा कामांवर देखरेख करते ती मुंबई वारसा जतन समिती, म्हणजे लोकांच्या तोंडची हेरिटेज कमिटी. 1995 साली वारसा नियमावली आली आणि सहाशेहून अधिक वास्तू व परिसर यादीत गेले. समितीत वास्तुतज्ज्ञ, इंजिनिअर, इतिहासाचे जाणकार असतात. वास्तूंच्या श्रेणी तीन. पहिलीला सहसा हात लावता येत नाही. दुसरीत आतले बदल चालतात. तिसरीत त्याहून मोकळीक असते. गिरगावची खोताची वाडी या श्रेणीत मोडते. यादीतील वास्तू पाडायची वा बदलायची तर महापालिका आयुक्तांची आधी परवानगी लागते आणि आयुक्त समितीचा सल्ला घेतात. मात्र शेवटचा शब्द समितीचा नव्हे. अपवाद म्हणून, कारणे लेखी नोंदवून, आयुक्त तो सल्ला बाजूला ठेवू शकतात. यादीत भर घालताना लोकांच्या हरकती-सूचनाही मागवाव्या लागतात.

आता कुणी म्हणेल, याच्याशी आपल्याला काय करायचंय? आम्हाला वाटते, खूप काही करायचे आहे. बाबासाहेब वीस वर्षांहून अधिक काळ परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. त्या चाळीला घुमट नाही की नक्षी नाही. नुसते सौंदर्य पाहणारा माणूस तिच्यापुढून सरळ निघून जाईल. पण नियमावलीत सौंदर्याबरोबर ऐतिहासिक आणि सांस्कृतिक महत्त्वही धरले आहे. ते महत्त्व सांगणारे आपणच.

25 जून 2016 ची पहाट आपण विसरलेलो नाही. दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस त्या पहाटे जमीनदोस्त झाले. इमारत धोकादायक असल्याचे कारण त्या वेळी पुढे करण्यात आले. दुसऱ्या दिवशी हजारो डोळ्यांत पाणी होते. परंतु डोळ्यांतले पाणी बुलडोझर अडवत नाही. आधीपासून तयार असलेला कागद कधी कधी अडवतो.

म्हणून प्रत्येक जुनी भिंत तशीच ठेवा, असे आम्ही म्हणत नाही. बी.डी.डी. चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत चार-चार पिढ्या कशा राहिल्या, हे ज्याचे त्याला ठाऊक. त्या माणसांना 500 चौरस फुटांचे घर मिळत असेल तर आनंदच आहे. माणसाला गुदमरवून वारसा जपायचा नसतो. पण जुनी चाळ जाताना तिच्यातली सभेची जागा, वाचनालयाची खोली, जयंतीचा चौक यांची नोंदसुद्धा राहू नये, हे बरे नव्हे.

आपल्या विहाराचा वर्धापनदिन साजरा करताना एवढे जरूर करू या. घरातल्या आजी-आजोबांजवळ बसा. कोणती सभा कुठे झाली, कोण आले होते, साल कोणते, हे वहीत लिहून घ्या. जुने फोटो, पावत्या, पत्रके जपा. उद्या यादीसाठी सूचना मागवल्या गेल्या तर आपल्या वस्तीचा अर्ज पुराव्यानिशी तयार हवा. समिती सल्ला देईल, आयुक्त निर्णय घेतील. पण आपला इतिहास त्यांच्या टेबलापर्यंत नेण्याचे काम आपल्याशिवाय दुसरा कोण करणार?