सांबरशिंगी मूठ

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर जी हत्यारे मांडतात, त्यांत विळा, कुऱ्हाड, खुरपे यांच्या शेजारी एक घडीचा चाकू असतो. तो आमच्या आबाजींचा, म्हणजे आजोबांचा. धार लावून लावून पात्यावरची अक्षरे झिजली आहेत. भिंग धरले तर ‘शेफील्ड’ एवढे लागते. मूठ तपकिरी आणि खडबडीत. हातात घेताच बोटे आपोआप जागेवर बसावीत अशी. ती सांबराच्या शिंगाची, आणि ते शिंग आबाजींनी स्वतः सातपुड्याच्या रानातून आणलेले, ही आमच्या घरातली पोथी. तिच्यावर शंका घेण्याचे पाप यंदा माझ्या हातून घडले.

आमचे गाव बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव-जामोद तालुक्यात. शेजारच्या संग्रामपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत अंबाबरवाचे रान आहे. १९९७ साली त्याचे अभयारण्य झाले. सांबर हे त्या रानाचे जुने रहिवासी. गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडे सांबरशिंगाचा तुकडा हटकून असे. पोराची छाती भरली की तो सहाणेवर उगाळून लेप द्यायचा. आमच्या आजीचा तुकडा अजून आहे, एका अंगाने उगाळून सपाट झालेला.

‘शिंग’ हा आपला शब्द मोठा उदार आहे. बैलाच्या शिंगालाही तोच आणि सांबराच्या शिंगालाही तोच. वास्तविक या दोन वस्तूंचे गोत्र निराळे. बैलाचे शिंग नखाच्या जातीचे, जन्मभर डोक्यावर राहणारे. सांबराचे शिंग म्हणजे सरळ हाड. ते फक्त नराला येते, दरसाल गळून पडते आणि पुन्हा उगवते. उगवताना त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते आणि तिच्यातून रक्त खेळते. शिंग पक्के झाले की ही कातडी वाळते, आणि सांबर ती झाडांच्या बुंध्यांवर घासून काढतो. आतले हाड पांढरेच असते. रक्ताचे डाग आणि झाडांच्या सालींचा रस मुरून ते तपकिरी होते. अंगावरच्या पन्हाळी या रक्तवाहिन्यांच्या जागा. म्हणजे पोत रक्ताने घडवलेला आणि रंग झाडांनी दिलेला. ओल्या हातातून ही मूठ निसटत नाही, ती त्या पन्हाळींमुळे.

चाकू करणाऱ्याची अडचण पुढे सुरू होते. शिंगाच्या दोन पट्ट्या कापून पोलादावर दोन्ही बाजूंनी रिपिटाने बसवायच्या, तर उंचवटे कानशीने उतरवावे लागतात. आणि कानस फिरली की पांढरे हाड उघडे पडते. मग झाडांनी दिलेला रंग माणसाला पुन्हा द्यावा लागतो. त्यासाठी कारागिरांचा एक ठरलेला उपाय म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. पाण्यात टाकले की जांभळे. हाडावर लावले की थोड्या वेळात तपकिरी, कारण त्यातले मँगेनीज हाडाच्या छिद्रांत बसते. आमच्या शाळेतल्या ज्या ज्या पोराने प्रयोगाच्या कपाटातल्या त्या बाटलीत बोट घातले आहे, त्याला ही विद्या न शिकवता आली आहे! खेड्यातल्या जुन्या माणसांना हीच वस्तू ‘लाल औषध’ म्हणून माहीत. गेल्या शतकाआधीच्या शेवटच्या दशकात आग्र्याच्या हँकिन या शास्त्रज्ञाने पटकीवर उपाय म्हणून ते विहिरींत टाकण्याची रीत घातली, आणि ती पुढे गावोगाव पोचली.

शेफील्डच्या कारागिरांना हिंदुस्थानातल्या सांबराचे शिंग फार प्रिय. त्याची भिंत जाड आणि आतला पोकळसर गर थोडा, त्यामुळे पट्टी भक्कम निघते. परंतु शिंगे महाग, आणि चाकू तर लाखांनी खपायचे. तेव्हा गुरांच्या नळीच्या हाडांच्या पट्ट्या उकळून साफ करायच्या, त्यांवर हत्याराने लहान लहान खाचा पाडायच्या आणि तपकिरी रंगवायचे, अशी नक्कल निघाली. खामगावला १८७० साली जलंबहून रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस त्या वाटेने विलायतेस गेला आणि विलायती माल त्याच वाटेने आला. आबाजींनी चाकू घेतला तो खामगावच्याच बाजारात.

यंदा पावसाळ्यात मुठीचे एक रिपीट सैल झाले, म्हणून चाकू घेऊन खिडकीशी बसलो. शेजारी आजीचा तुकडा ठेवला. मुठीच्या एका बाजूच्या खाचा सगळ्या एका मापाच्या, आणि मधल्या गुळगुळीत जागी हाडाचे बारीक काळे ठिपके. हे शिंग नव्हे. कुठल्या तरी बैलाचे हाड. माझ्या मनात चर्रर्र झाले. पोळ्याला बैलांचे खूर धुऊन त्यांना पुरणपोळी भरवल्याशिवाय तोंडात घास न घालणारा माणूस जन्मभर बैलाचे हाड मुठीत घेऊन हिंडला, आणि आम्ही ते पुजले!

मग चाकू उलटा केला. दुसऱ्या बाजूच्या पन्हाळी वेड्यावाकड्या, एकीसारखी दुसरी नाही. कडेला जाळीदार गर. थेट आजीच्या तुकड्यासारखा. हे अस्सल सांबरशिंग! मात्र त्यावर कोणी कानशीने मुद्दाम आडव्या खाचा मारल्या होत्या, आणि रंगही पलीकडच्या बाजूला मिळता दिला होता. नकलेशी जुळावे म्हणून अस्सलावर नकलेची नक्कल.

उलगडा आत्याने केला. तिचे वय आता पंच्याऐंशीच्या घरात. ती म्हणाली, “अरे बापू, चाकू बंडीखाली आला, अर्धी मूठ फुटली. मंग बाबानं रानातून शिंग आणलं, लोहारानं बसोलं. पण थे दिसे पांढरं फट. त्या साली पटकीची साथ होती. विहिरीत लाल औषध टाकाले मानूस आला, त्याच्यापासून बाबानं चिमूटभर मांगलं. मीनं चिंधीनं लावलं. आठ दिवस माह्ये हात तांबडे!”

देश स्वतंत्र झाला त्या सुमाराची ही गोष्ट. आज रानात गळून पडलेले शिंगही कोणी घरी आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिंगेही येतात.

दुसऱ्या बाजूचे तिला सांगावे की नाही, यावर मी दोन दिवस काढले. शेवटी सांगितले. चाकू हातात घेऊन ती खाचांवरून अंगठा फिरवीत राहिली.

“बैलाचं हाय म्हंतं?” ती म्हणाली. “मंग पोळ्यालेबी पुजत जाय त्याले.”