असईचा उतार आणि संगणकाचा तट

ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं जालना जिल्ह्यांतील असई गांवाजवळ दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशीं इंग्रज सेनापति आर्थर वेलस्ली याची गांठ पडली. मराठी फौजेपुढें केळणा नदी होती. या बाजूस उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं वेलस्लीला सांगितलें. परंतु पिंपळगांव व वरूड हीं गांवें दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं पाहून त्यानें ताडलें कीं, शेजारच्या गांवांत येणेंजाणें असणारच आणि त्यासाठीं उतारही असला पाहिजे. उतार होता, त्यावर पहारा मात्र नव्हता. शिंद्यांच्या पलटणींनीं मोठ्या शिताफीनें आपली फळी फिरवून तोंड दिलें व वेलस्लीचीं दीड हजारांहून अधिक माणसें गारद वा जखमी केलीं. तरी नदीचा आधार एकदां गेला तो गेलाच.

नदीची ही गोष्ट आजच्या एका निराळ्या तटालाही लागू पडते. त्याचें नांव फायरवॉल. हा शब्द मूळचा बांधकामांतला. एका घराची आग शेजारच्या घरास लागूं नये म्हणून मध्यें घातलेली भिंत, हा त्याचा अर्थ. संगणकांच्या जाळ्याच्या वेशीवर बसविलेलें हें यंत्र येणारीजाणारी माहिती तपासतें व नियमांत बसेल तेवढीच पुढें सोडतें. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं अमेरिकेंत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्रॅम आपोआप पसरून हजारों संगणक ठप्प झाले. तेव्हांपासून अशा तटाची निकड सर्वांना पटूं लागली.

परंतु फायरवॉल दगडाचुन्याची नसते. तीही माणसानें लिहिलेल्या आज्ञांचीच बनलेली असते, आणि त्या आज्ञांत चुका राहतात. चूक उमगली म्हणजे यंत्राचा कर्ता दुरुस्ती पाठवितो. तिला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणतात. हें नांवही जुनें आहे. पूर्वीं आज्ञा कागदी पट्टीवर भोंकें पाडून देत. भलत्या जागीं भोंक पडलें तर त्यावर खरोखरीच कागदाचा तुकडा चिकटवीत.

येथें एक विलक्षण पेंच उभा राहतो. ठिगळ जाहीर होतें त्याच घटकेस भोंक कोठें आहे, हेंही जगजाहीर होतें. पिंपळगांवचा उतार शत्रूस अनुमानानें शोधावा लागला. येथें तर तो कळविलाच जातो. मे २०१९ मध्यें फोर्टिनेट कंपनीनें आपल्या फायरवॉलमधील एका दोषाची सूचना ठिगळासह प्रसिद्ध केली. नोव्हेंबर २०२० मध्यें, म्हणजे दीड वर्षानें, तें भोंक तसेंच उघडें असलेल्या जगांतील सुमारें ५० हजार यंत्रांची यादी चोरांच्या हातीं फिरत होती.

महाराष्ट्रालाही अशा विलंबाच्या युगाची झळ लागली. १४ मार्च २०१७ रोजीं मायक्रोसॉफ्टनें विंडोजचें एक ठिगळ दिलें. १२ मे रोजीं वॉनाक्राय व २७ जून रोजीं नॉटपेट्या या उपद्रवी प्रोग्रॅमांनीं तेंच भोंक वापरलें. नॉटपेट्या चोरलेल्या परवलीच्या शब्दांनींही पसरे. म्हणून एकटें ठिगळ पुरेसें नव्हतें. त्याच्या धक्क्यानें न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलचें काम विस्कळित झालें. त्याच बंदराच्या वतीनें जालन्याजवळ कोरडें बंदर उभारण्याची पायाभरणी २०१५ मध्यें झाली होती. सळयांच्या व बियाण्यांच्या या गांवाचा संबंध समुद्रकाठच्या संगणकांशीं किती निकटचा आहे, हें त्यावरून कळेल.

मग ठिगळ लावण्यास उशीर कां होतो? आळस हें एकच कारण नव्हे. ठिगळ लावल्यावर यंत्र बहुधा बंद करून पुन्हा चालू करावें लागतें; तेवढा वेळ कचेरीचा व्यवहार थांबतो. नवें ठिगळ चालतें काम बिघडवील, ही भीतीही खोटी नसते. म्हणून जाणता कारभारी आधीं सर्व नियमांची प्रत काढून ठेवतो, आलेली फाईल मूळ कर्त्याचीच आहे याची खातरजमा करतो, शक्य तर दुसऱ्या यंत्रावर ती अजमावतो, आणि वर्दळ कमी असतांना काम उरकतो. जेथें यंत्रांची जोडी असते, तेथें एकाची डागडुजी होईपर्यंत दुसरें पहाऱ्यावर राहतें. शेवटीं नियम पूर्ववत् चालतात कीं नाहीं तें पाहून त्याची नोंद होते.

हें काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. तट बांधणाऱ्याचें नांव शिलालेखावर कोरतात. भगदाड बुजविणाऱ्याचें क्वचितच. तथापि भगदाड दिसल्यापासून तें बुजविण्यापर्यंत जो काळ जातो, तेवढाच शत्रूला पुरतो.